खळीच्या डब्यातले फोन

सून: आई, तुम्ही परत त्या डब्याचं झाकण चाचपताय.

आई: चाचपत नाही, पुसतेय. खळीचा डबा आहे. आज त्याच्यावर धूळ बसली तर उद्या ती कुणाच्या तरी कॉलरला लागेल.

सून: त्यात खळ कुठे आहे? आपल्या तिघांचे फोन आहेत, बंद करून ठेवलेले. वर ती कोळशाची जुनी इस्त्री तुम्हीच ठेवलीत, कुणी उघडू नये म्हणून. आणि सकाळपासून ती इस्त्री एकटीच दुकानभर फिरतेय.

आई: पुसायचं म्हटलं की हलवावी लागते. तू इस्त्रीवर पाळत ठेवायला बसलीस की चादरींच्या घड्या घालायला?

सून: दोन्ही जमतंय. हातात फोन नसला की डोळेही मोकळे आणि हातही मोकळे, तुम्हीच म्हणाला होतात.

आई: म्हणाले होते, आणि खोटं काय त्यात? तुझा नवरा, आमचा थोरला, एका हातात फोन आणि एका हातात वाफेची इस्त्री घेऊन उभा. फोनात कुणी कुत्र्याला आंघोळ घालतंय आणि हा दात काढून बघतोय. खाली दातांच्या डॉक्टरांचा लोकरीचा कोट. पाठीवर पान उमटावं तशी इस्त्री उमटली. त्याच्या बापाच्या वेळेपासून या दुकानातून जळका कपडा बाहेर गेला नाही. कोट अजून त्या खुंटीला लटकतोय. डॉक्टर निरोप पाठवून विचारतात, आणि मी 'वाळतोय' म्हणून सांगते. लोकर कधी एवढी वाळते का?

सून: कोटाचं बरोबरच आहे. आठवडाभर सगळ्यांचे फोन बंद, हेही मला पटलं. खरं सांगू? मला झोप लागतेय. मान दुखायची थांबली. परवा ह्यांच्याशी जेवताना बोलले, तर ह्यांनी मला उत्तर दिलं. मीच दचकले. पण मी तेव्हा म्हटलं, आई, मग तुमचाही फोन टाका, तर तुम्ही काय म्हणालात?

आई: काय म्हणाले?

सून: म्हणालात, 'माझ्या फोनात काय मेलं असतं, मी फक्त वेळ बघते. टाक, पहिला माझाच टाक.'

आई: मग टाकला की नाही? जीभ माझी आहे, दिलेला शब्द माझा आहे.

सून: टाकलात. आणि तेव्हापासून तुमचा धड घास उतरत नाही. सकाळी चहाचा कप हातात घेऊन नुसत्या बसता, त्याच्यावर साय धरते. वेळच बघायची तर समोर भिंतीवर घड्याळ आहे.

आई: ते पुढे पळतं.

सून: ते फोनाआधीही पळायचं.

आई: तू मला जेरीला आणू नकोस, सूनबाई. आधीच डोक्याचा भुगा झालाय. थोरला कुठे उलथलाय बघ. सकाळी गाठोडी पोचवायला गेला तो गेलाच.

सून: येतील. नकाशा नाही ना हातात. पत्ते तळहातावर लिहून नेले होते, आणि गाठोडं उचललं की घामाने तळहात पुसला जातो. मघाशी शाळेतल्या बाई येऊन गेल्या. म्हणाल्या, आमच्या पडद्यांच्या जागी कुणाच्या तरी विजारी आल्यात. मी विचारलं, पडदे कुठे गेले? तर म्हणाल्या, ते मला कसं ठाऊक, मी तर विजारी घेऊन आलेय.

आई: या गल्लीत जन्माला आला आणि घरं सापडत नाहीत. ते यंत्र हातात आलं आणि याचे पाय आंधळे झाले. म्हणून तर म्हटलं, ठेवा बाजूला.

सून: गिऱ्हाईक चिडतंय पण. फोन लागत नाही म्हणून जो तो दारात. शेजारच्या दुकानातले चष्मेवाले काका आले, खिशातून फोन काढायला लागले. मी म्हटलं, काका, इथे बंदी आहे. तर तुम्ही मलाच गप्प केलंत.

आई: कारण तू मूर्खासारखं बोललीस. नियम घरच्या माणसांना. पाहुण्याला आणि गिऱ्हाइकाला कसला नियम? उद्या त्याला म्हणशील, चपलाही डब्यात टाक.

सून: बरं बाई, चुकलं. आता हा टेबलक्लॉथ बघा. कडेला गंज लागलाय, खिळ्यावर टांगला असणार. लिंबू-मीठ लावून दोरीवर टाकू?

आई: आत नको, उन्हात टाक. लिंबू लावलं की ऊन लागतंच. तिने सावलीत ठेवलं, म्हणून तर पिवळी कड राहिली.

सून: कुणी?

आई: कुणी नाही.

सून: आई, 'तिने' म्हणालात.

आई: जग भरलंय बायकांनी. असेल कुणीतरी.

सून: ताईंनी? तुमच्या लेकीने?

आई: तिचा विषय या दुकानात काढायचा नाही, हे तुला लग्न करून आलीस तेव्हाच सांगितलंय.

सून: मी कुठे काढला? मी गंजाचा विषय काढला होता. ताई तीन वर्षांत या दारात आल्या नाहीत, फोन नाही, निरोप नाही. मग त्यांनी गंजाचा डाग सावलीत वाळवला, हे तुम्हाला कुठून कळलं?

आई: दार लोटून घे.

सून: लोटलं. बोला.

आई: थोरल्याजवळ बोललीस तर याद राख. फोनात त्या माणसांच्या गोल गोल चकत्या असतात ना, तोंडं असलेल्या. एकदा वेळ बघताना माझा अंगठा लागला. तिच्या चकतीभोवती हिरवी कड होती, ती उघडली. आत फोटो. माणसाचा नाही, डागाचा. पांढऱ्या चादरीवर कॉफीचा डाग. दुसऱ्या दिवशी तीच चादर, स्वच्छ. मग रोज काहीतरी. कधी उशीवर लाली, कधी टॉवेलावर तेल, कधी नुसती वाळत घातलेल्या कपड्यांची रांग. त्या मोठ्या हॉटेलात कपडे धुणाऱ्यांवर ती मुकादम आहे म्हणतात. मी बघते आणि बंद करते. चहा संपायच्या आत. बोलत नाही मी तिच्याशी. बघणं म्हणजे बोलणं नव्हे.

सून: स्टेटस म्हणतात त्याला.

आई: काय म्हणायचं ते म्हण. तिला काय कळतंय? मी आपली कुंपणाआडून बघते. हात दिसतो तिचा कधीकधी. वाळलाय.

सून: पण आई, एक गोष्ट मला कळत नाही.

आई: तुला पुष्कळ गोष्टी कळत नाहीत. कुठली?

सून: ताईंचा नंबर माझ्याही फोनात आहे. ह्यांच्याही आहे. ताईंनी कधीच स्टेटस ठेवलेलं नाही. डाग नाही, चादर नाही, काहीच नाही. मी तर ह्यांना म्हणायचे, ताईंना फोटोची हौसच नाही.

आई: रोज असतो.

सून: एकदाही नाही. तुमच्या गळ्याशपथ.

आई: माझ्या गळ्याची कशाला, स्वतःच्या घे. रोज असतो म्हणतेय ना मी. हे फोन बंद होण्याच्या आदल्या दिवशीही होता. टेबलावर ठेवलेला नॅपकिन, त्यावर हळदीसारखा पिवळा काहीतरी डाग.

सून: मग मला का दिसत नाही?

आई: तुझे डोळे कुत्र्यांच्या आंघोळीत असतील.

सून: आई, दुसऱ्या कुणाचा नंबर तर नसेल? एखादी अनोळखी बाई असेल, डागांचे फोटो टाकणारी.

आई: अनोळखी बाई? तिच्या डाव्या अंगठ्यावर भाजल्याची खूण आहे. शाळेतून आल्या आल्या माझ्या तापलेल्या इस्त्रीला हात लावला होता. ती खूण मी लावली, मी विसरेन? फोटोत दिसते ती.

सून: मग फोनात बिघाड असेल.

आई: कुणाच्या? तुझ्या की माझ्या?

सून: आता ते मलाही कळेना.

आई: एवढे दिवस मी जे रोज बघत होते, ते नव्हतंच म्हणतेस? माझ्या आईला शेवटी शेवटी मेलेली माणसं दारात उभी दिसायची. म्हणायची, त्यांना पाणी द्या. मला चादरी दिसायला लागल्या काय?

सून: असं कसं बोलता. उघडूया डबा. एकदा बघू तुमचा फोन, म्हणजे खरं काय ते कळेल.

आई: उघड.

सून: इस्त्री उचला मग.

आई: नको, थांब. नियम मी केला. मीच मोडला तर थोरला उद्या दुसराही कोट जाळेल.

सून: बरं, नको तर नको.

आई: उघडच. नाही, राहू दे. उघडलं आणि आत खरंच काही नसलं तर?

[दुकानाच्या दाराला टांगलेली घंटा वाजते. दारात लेक, खांद्याला पिशवी.]

लेक: आई.

आई: कोण गेलं?

लेक: काय?

आई: तीन वर्षांनी दारात आलीस, केस विस्कटलेले, तोंड उतरलेलं. कोण गेलं ते सांग. मन घट्ट केलंय मी.

लेक: कुणी गेलं नाही. मला वाटलं, तूच...

आई: मी? मला काय धाड भरलीय? धडधाकट उभी आहे समोर.

लेक: दिसतंय ते. वहिनी, हिला बरं आहे ना? खरं सांगा.

सून: बऱ्या आहेत, ताई. बसा तुम्ही. तुम्हाला कुणी काय सांगितलं?

लेक: कुणी काही सांगेल तर ना. हिचा फोन बंद, दादाचा बंद, तुमचा बंद. माणसाने काय समजायचं? पहिल्यांदा वाटलं, दुकानातला बॉयलर फुटला. मग चष्मेवाल्या काकांचा नंबर शोधला. त्यांना विचारलं, सगळे बरे आहेत ना? ते म्हणाले, दुकान उघडं आहे, पण काहीतरी बिनसलंय. तुझा भाऊ गाठोडं घेऊन भलत्याच गल्ल्यांतून हिंडतो, आणि तुझी आई दिवसभर एका डब्यासमोर बसून असते. मी पहिली बस पकडली.

आई: त्या चष्मेवाल्याला स्वतःला चष्मा लागलाय. मी डबा पुसत होते.

सून: डब्यात आमचे फोन आहेत, ताई. ह्यांनी फोन बघता बघता गिऱ्हाइकाचा कोट जाळला, म्हणून आईंनी आठवडाभर घरातले सगळे फोन बंद केलेत.

लेक: हिचाही?

आई: माझा पहिला.

लेक: एवढंच? एवढंच झालं होतं? बसमध्ये मी काय काय मनात आणलं. माझाही टाकू का मग त्यात? मेल्याने रस्ताभर छळलंय मला.

सून: नाही ताई, तुम्हाला नाही. नियम घरच्यांना आहे, पाहुण्यांना नाही.

लेक: हो का. बरं.

आई: तू आधी मला एक सांग. आमचे फोन बंद आहेत हे तुला कळलं कसं? तू तर कधी फोन करत नाहीस.

लेक: केला ना या वेळी.

आई: कुणाला?

लेक: तुला. आधी तुलाच केला.

आई: मला फोन केलास?

लेक: पुन्हा पुन्हा केला.

आई: आणि तो इथे बंद होऊन पडला होता. मी त्याच्यावर इस्त्री ठेवली होती. पण का केलास? तीन वर्षांत एकदा केला नाहीस, तो नेमका आत्ताच का?

लेक: तुझं नाव दिसलं नाही म्हणून.

आई: कुठे दिसलं नाही?

लेक: फोटोखाली. फोटो कुणी कुणी बघितला, त्यांची नावं खाली येतात, आई. रोज सकाळी तुझं येतं. परवा आलं नाही. म्हटलं, उठायला उशीर झाला असेल. काल आलं नाही. तेव्हा तुला फोन लावला.

आई: काय, नावं येतात?

सून: येतात, आई. बघणारा दिसतो.

आई: तुला ठाऊक होतं?

सून: सगळ्यांना ठाऊक असतं.

आई: म्हणजे मी कुंपणाआडून बघतेय असं समजत होते, आणि ही पलीकडून मला बघत होती? इतके दिवस? चोर पकडतात तशी?

लेक: चोर कशाला. तू बघतेस एवढं मला पुरायचं.

आई: मी बघत नव्हते. वेळ बघताना अंगठा लागायचा.

लेक: रोज?

आई: अंगठा आहे, लागतो.

सून: पण ताई, मला अजून कळलं नाही. तुमचं स्टेटस मला का दिसत नाही? आत्ता आईंना मी जवळजवळ वेड्यात काढलं.

लेक: तुम्हाला दिसणार नाही. कुणालाच दिसत नाही. कुणाकुणाला दाखवायचं ते निवडता येतं. मी एकच नाव निवडलंय.

आई: कुणाचं?

लेक: आता ते पण मीच सांगू का? दुसऱ्या कुणाला दाखवू मी डाग? लोक फुलांचे फोटो टाकतात. डाग बघून कोण खूश होणार तुझ्याशिवाय?

आई: माझं डोकं चालेनासं झालंय. सूनबाई, पाणी दे.

सून: तुम्हाला की ताईंना?

आई: तिला दे आधी. उन्हातून आलीय. आणि तू, गंजाचा तो डाग. लिंबू लावलंस आणि सावलीत ठेवलंस. हेच शिकवलं मी तुला? एवढी मुकादम झालीस, आणि कड राहिली.

लेक: मुद्दाम ठेवला होता.

आई: मुद्दाम?

लेक: म्हटलं, एवढं धडधडीत चुकलेलं बघून तरी तुला राहवणार नाही. ओरडायला का होईना, फोन करशील. दिवसभर फोन खिशात घेऊन फिरले.

आई: ओरडले होते मी.

लेक: कुणावर?

आई: या भिंतीवर. सूनबाईला वाटलं, मी तिलाच बोलतेय.

सून: म्हणजे त्या दिवशीचं ते माझ्यासाठी नव्हतं? मी तर दोन दिवस प्रत्येक लिंबू उन्हात ठेवत होते.

आई: तुलाही उपयोगी पडलं ना, मग झालं.

लेक: बरं. तू धडधाकट आहेस हे बघितलं. आता निघते मी. परतीची बस आहे.

आई: एवढ्यात?

लेक: थांबून काय करू? बाहेर पाटी अजून तीच आहे. 'आणि चिरंजीव'. मी शाळा सुटली की इथे उभी राहायचे, आई. बाबा गेल्यावर दादा बाहेर नोकरी शोधत होता तेव्हा सगळी गाठोडी मी बांधली. आणि पाटी नवी केलीस तेव्हा त्यावर चिरंजीव.

आई: पेंटरने लिहिली. सगळ्या दुकानांवर तसंच असतं म्हणाला. मला कुठे धड वाचता येतंय.

लेक: तुला वाचता येत नव्हतं. मी तुला वाचून दाखवली होती. तू काय म्हणालीस आठवतंय?

आई: आठवतंय.

लेक: 'लेकी काय, आज आहेत, उद्या दुसऱ्याच्या घरी.'

आई: आठवतंय म्हटलं ना. पुन्हा सांगायची गरज नाही. ऊन खाऊन अर्धी अक्षरं उडालीत. मी पुन्हा रंगवू दिली नाही. थोरला म्हणत होता, रंगवूया. मी म्हटलं, राहू दे.

सून: आई तेव्हा म्हणाल्या, रंगाच्या वासाने डोकं दुखतं.

आई: दुखतंच. हे बघ, तू निघणारच असशील तर मी काही पायात लोळण घेणार नाही. तसली बाई मी नव्हे. फक्त जाण्याआधी त्या खुंटीवरचा कोट बघ. थोरल्याचं कर्तृत्व. मी दोनदा हात लावला आणि सोडून दिलं. नजर पोचत नाही आता तितकी.

लेक: आण इकडे. दिव्याखाली धर. हं. वरची लव करपलीय. आतला धागा शाबूत आहे. बारीक काचकागद आहे?

आई: कागद लोकरीला लावतात?

लेक: हलक्या हाताने. वरची करपट निघून येते, मग वाफ द्यायची, मग ब्रश. घाई केली तर भोक पडेल. अख्खी संध्याकाळ जाईल यात.

आई: जाऊ दे की. संध्याकाळ कुठे पळून चाललीय?

लेक: बस पळेल.

आई: बस काय, उद्याही असते. सूनबाई, आतल्या खोलीतल्या कॉटवरची गाठोडी उचल. आणि चहा ठेव. हिला साखर कमी.

लेक: आता जास्त घेते मी.

आई: ते फोटोत कुठे दिसतं?

सून: मला खरंच कळेना, आई. हे फोन बंद केले ते बरं झालं की वाईट? चालू असते तर ताई आल्या नसत्या. आणि मुळात फोनच नसते तर तुमचं नाव दिसेना झालंय हे ताईंना कळलंच नसतं.

आई: मला विचारू नकोस. मी आठवडाभराचा नियम केला होता कोटासाठी. हे पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

लेक: थांबा, मी हॉटेलात कळवते, उद्या येत नाही म्हणून.

आई: कळव. आणि कळवून झालं की तो फोन बंद कर आणि त्या डब्यात टाक. इस्त्री मी उचलते.

लेक: माझा कशाला? वहिनी म्हणाल्या ना, पाहुण्यांना नियम नाही.

आई: पाहुण्यांना नाहीच.